आधार हवा तेवढाच : ज्येष्ठांसाठी घर कसं निवडायचं

आमची आत्या रोज आंघोळ करत नाही हे लक्षात आलं तेव्हा ती ७८ वर्षांची होती. घरात लगेच कुजबुज सुरू झाली : आता हिचं एकटीनं राहणं पुरे, कुठेतरी सोय बघू या. दोन ठिकाणं आम्ही बघूनही आलो. मग एका दुपारी तीच बोलली. ओल्या फरशीवर वाकून उठताना धरायला काहीच नसतं, म्हणून भीती वाटते, म्हणून टाळते. भिंतीला एक दांडी बसवली, बसून आंघोळ करता येईल असं स्टूल आणलं. पुढची चार वर्षं तेवढ्यावर निघाली.

आमची चूक साधी होती. अडचण काय आहे हे न विचारता आम्ही थेट घर शोधायला निघालो होतो. पहिल्यांदाच हा विषय हाताळणारी बहुतेक माणसं असंच करतात. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमानं घ्या. जाहिराती आणि माहितीपत्रकं तिसऱ्या पायरीच्या आधी उघडूच नका.

पायरी १ : दिवसाच्या २४ तासांचं टिपण

'त्या एकट्या राहू शकतील का?' या प्रश्नाला उत्तर नसतं, नुसते वाद होतात. त्याऐवजी एक वही घ्या आणि आठवडाभर लिहा : कोणतं काम, किती वाजता, कुठे अडतं.

कामांची यादी तयार मिळते. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा मूलभूत कामं ठरवली : आंघोळ, कपडे घालणं, शौचालयाचा वापर, पलंगावरून किंवा खुर्चीतून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं. साधारणपणे यातली आंघोळ आधी अवघड होते, जेवणं सगळ्यात शेवटी. आत्याचं काही जगावेगळं नव्हतं तर. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी दुसरी यादी दिली, घर चालवण्याची : फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचा व्यवहार. या चौदा कामांपुढे 'स्वतः', 'थोड्या मदतीनं' किंवा 'दुसऱ्यालाच करावं लागतं' असं लिहा. आणि शेजारी वेळ.

वेळेचा हा रकाना लोक सोडून देतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. मदत दोन जातीची असते : वेळापत्रकात बसणारी आणि न बसणारी. सकाळी नऊची आंघोळ, संध्याकाळचं जेवण, आठवड्याची साफसफाई या गोष्टींसाठी माणूस तासावर येऊ शकतो. रात्री दोनला बाथरूमला उठताना लागणारी मदत तासावर मिळत नाही. तिथे कुणीतरी जवळपास जागं असावंच लागतं. टिपणात पहिल्या जातीची मदत कितीही असली तरी माणूस बहुधा स्वतःच्या घरी राहू शकतो. दुसरी जात दिसू लागली की मगच घर बदलायचा विचार.

एक छोटी चाचणी घरीही करता येते. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीची काठी वापरली तरी चालते, पण शेजारी कुणीतरी उभं राहा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजून डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या औषधांची पिशवी सोबत न्या, डब्यात उरलेल्या जुन्या गोळ्यांसकट. तोल जाणं, गरगरणं, दिवसा डुलक्या येणं यामागे कितीदा तरी औषधंच असतात. चष्म्याचा नंबर, ऐकू येणं, पायांची नखं हेही तपासून घ्या. आणि दोन-चार दिवसांत एकदम गोंधळ उडू लागला असेल, तर ते म्हातारपण समजू नका. संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, औषधातला बदल अशी कारणं असू शकतात. आजार बरा झाला की माणूस पुन्हा पूर्वीसारखा होऊ शकतो. अशा आठवड्यात घराचा निर्णय घ्यायचा नाही.

पायरी २ : आहे त्याच घराला एक संधी

पडून दगावणाऱ्यांची संख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात वर्षाला सुमारे ६,८४,००० आहे, आणि त्यात साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण सर्वाधिक. म्हणून मोजमापाची टेप घ्या आणि बाथरूमपासून सुरुवात करा.

दांडी जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर हवी आणि ती भिंतीत खोल ठोकलेली हवी. नुसती चिकटवलेली दांडी किंवा टॉवेल वाळत घालायची नळी पूर्ण वजनाला टिकत नाही. नेमकी तोल जातानाच ती हातात येते. कमोडची बैठक १७ ते १९ इंच उंचीची असली की गुडघ्यांवर कमी ताण येतो. बैठक बुटकी असेल तर वर बसवायची उंच बैठक मिळते, कमोड बदलायची गरज नाही.

मग दाराकडे बघा. बाथरूमचं दार आत उघडत असेल आणि माणूस दाराशीच पडला, तर बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. आतल्या माणसाचं अंगच दाराला अडसर होतं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्या. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवा. सुताराचं एका दिवसाचं काम आहे, आणि घरातल्या सगळ्या बदलांत मी याला पहिला नंबर देईन.

व्हीलचेअर आज नसली तरी मापं आत्ताच घेऊन ठेवा. दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच, वळायला ५ फूट व्यासाची जागा. पायरीऐवजी उतार करायचा तर १ इंच चढाला १२ इंच लांबी. म्हणजे ६ इंचांच्या पायरीसाठी ६ फुटांचा उतार. एवढी जागा बऱ्याच दारांसमोर नसते, आणि ते आधी कळलेलं बरं.

उजेडाकडे कुणी लक्ष देत नाही. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. त्यामुळे तुम्हाला लख्ख वाटणारा जिना त्यांना अंधुक असतो. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री आपोआप लागणारे मंद दिवे लावा आणि पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी. सुटे पायपुसणे आणि वाटेत पसरलेल्या वायरी सरळ काढून टाका. पलंगावर बसल्यावर दोन्ही पाऊलं जमिनीला टेकली पाहिजेत.

गळ्यात किंवा मनगटावर घालायचं मदतीचं बटण घेणार असाल, तर ते पाण्यात चालतं का हे आधी विचारा, कारण बाथरूममध्ये काढून खुंटीला अडकवलेल्या बटणाचा उपयोग शून्य. दाबल्यावर कोण उचलतं? तो माणूस किती वेळात पोहोचतो? त्याच्याकडे घराची चावी आहे का? पडून तासाभराहून जास्त वेळ तसंच जमिनीवर राहावं लागलं तर स्नायूंना इजा होते, शरीरातलं पाणी कमी होतं. कधी पडण्यापेक्षा हे पडून राहणंच महागात जातं.

हे सगळं केल्यावर दोन-तीन महिने थांबा आणि पहिलं टिपण पुन्हा भरा. कितीतरी घरांचा शोध इथेच थांबतो. फक्त एक गोष्ट दांडीनं किंवा दिव्यानं सुटत नाही, ती म्हणजे दिवसभर कुणाशी न बोलणं. ती टिपणात स्वतंत्र लिहा.

पायरी ३ : प्रकार ओळखा, नावावर जाऊ नका

निवास, वसाहत, केंद्र, आश्रम : पाटीवर काहीही लिहिलेलं असतं. एकाच नावाखाली एका ठिकाणी रात्री परिचारिका असते, तर दुसऱ्या ठिकाणी नुसता पहारेकरी. म्हणून तिथे मिळणाऱ्या मदतीवरून प्रकार ओळखायचा.

सगळ्यात कमी बदल म्हणजे स्वतःचं घर आणि बाहेरून येणारी मदत : तासावर मदतनीस, घरपोच डबा, दिवसा नेऊन संध्याकाळी परत सोडणारं केंद्र. दिवसाचं केंद्र हा प्रकार उगाच उपेक्षित राहतो. माणूस रात्री स्वतःच्या पलंगावर झोपतो आणि सांभाळणाऱ्यालाही दिवस मोकळा मिळतो.

याचंच पुढचं रूप म्हणजे सभासदांचं जाळं. बोस्टनच्या बीकन हिल भागातल्या ज्येष्ठ रहिवाशांनी मिळून एक संस्था काढली, २००२ मध्ये तिचं काम सुरू झालं. वर्गणी भरायची, एक फोन करायचा. दवाखान्यात न्यायला गाडी, नळ दुरुस्त करायला माणूस, सहलीला सोबत असं सगळं तिथून होतं. घर कुणीच बदलत नाही. हा नमुना पुढे इतरत्र बराच उचलला गेला.

घरात एखादी खोली रिकामी असेल तर तरुण भाडेकरू कमी भाड्यात ठेवून बदल्यात थोडी मदत आणि रात्रीची सोबत घेता येते. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर शहरात एका वृद्धनिवासानं हेच उलट्या बाजूनं केलं : विद्यार्थ्यांना राहायला फुकट जागा, बदल्यात महिन्याला ३० तास चांगला शेजारी म्हणून वागायचं. मात्र काय करायचं आणि काय नाही हे लिहून घ्या. सोबत म्हणून आलेल्या मुलाकडून आंघोळ घालण्याची अपेक्षा ठेवली की दोघंही दुखावतात.

स्वतःची छोटी घरं आणि सामायिक स्वयंपाकघर, बाग, बैठक असं समवयस्कांचं सहनिवास हा आणखी एक प्रकार. डेन्मार्कमध्ये तो १९८० च्या दशकापासून रुजला. एकटेपणावर याहून चांगला उपाय मी पाहिलेला नाही. पण यात माणसांना आधीपासून एकत्र येऊन ठरवावं लागतं. आजारपण दारात आल्यावर सहनिवास उभा करता येत नाही.

ज्येष्ठांची वसाहत म्हणजे पायऱ्या नसलेली घरं, सुरक्षा, देखभाल, कार्यक्रम. आंघोळीला मदत किंवा औषधं देणं यात बहुधा धरलेलं नसतं, आणि फसगत होते ती इथेच. बाग आणि तरणतलाव बघून लोक पैसे भरतात. दोन वर्षांनी रात्री मदत लागते तेव्हा कळतं, की ती बाहेरून, वेगळे पैसे देऊन आणायची आहे.

त्यापुढचा प्रकार साहाय्यक निवासाचा : स्वतःचं घर किंवा खोली, जेवणाची सोय, आंघोळ-कपडे-औषधांना मदत आणि चोवीस तास कुणीतरी हाकेच्या अंतरावर. अमेरिकेत केरेन ब्राउन विल्सन यांनी १९८३ मध्ये पोर्टलंडमध्ये असं निवासस्थान उघडलं. त्यांच्या आईला पंचावन्नाव्या वर्षी पक्षाघात झाला होता आणि पुढचं आयुष्य तिनं शुश्रूषागृहांत काढलं होतं. आईला तिथे काय नव्हतं ते विल्सन यांनी या निवासात घातलं : आतून कुलूप लावता येईल असं दार, स्वतःचं छोटं स्वयंपाकघर, खोली किती गरम किंवा थंड ठेवायची ते ठरवायचा हक्क. ठिकाण बघायला जाल तेव्हा हे कुलूप डोक्यात ठेवा.

स्वतंत्र घरापासून शुश्रूषेपर्यंत सगळं एकाच आवारात देणारी संकुलंही असतात. पतिपत्नींपैकी एकाची तब्येत पुढे ढासळली तर दोघं चालत भेटू शकतात, हा मोठा फायदा. भरावी लागणारी मोठी रक्कम हा तोटा. स्मृतिभ्रंश असेल तर त्यासाठी प्रशिक्षित माणसं असलेला लहान गट बघा. नेदरलँड्सच्या वेस्प गावातली होखेवेक ही २००९ मध्ये सुरू झालेली वस्ती याचं नावाजलेलं उदाहरण. रस्ता, दुकान, उपाहारगृह, सगळं कुंपणाच्या आत आहे, त्यामुळे रहिवासी हवे तिथे हिंडू शकतात. शुश्रूषागृह सतत वैद्यकीय देखरेख लागणाऱ्यांसाठी. दुखापत किंवा शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांपुरतंही तिथे राहता येतं, हे लक्षात असू द्या.

तुमचं टिपण यांतल्या प्रत्येकाशेजारी ठेवा. टिपणातल्या रिकाम्या जागा भरून निघतील एवढाच आधार देणारं ठिकाण निवडा. 'उद्या लागेलच' म्हणून दोन पायऱ्या वरचं घेऊ नका. जे काम दुसरं कुणी करू लागतं ते हात विसरतात, आणि गेलेली सवय या वयात सहज परत येत नाही.

पायरी ४ : भेट द्या, पण त्यांच्या सोयीच्या वेळी नाही

पहिली भेट ठरवून घ्या, दुसरी न कळवता, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, जेव्हा कर्मचारी कमी असतात. जमलं तर तिथे एकदा जेवा आणि शेजारच्या टेबलावरच्यांशी बोला. व्यवस्थापकाच्या कार्यालयापेक्षा तिथे जास्त कळतं.

कर्मचारी खोलीत शिरताना दार वाजवतात का, आणि उत्तराची वाट बघतात का? रहिवाशांना नावानं हाक मारतात, की सगळ्यांना सरसकट 'आजी' म्हणतात? एखाद्या रिकाम्या खोलीतली बेल, परवानगी घेऊन, दाबा आणि घड्याळ बघा. रात्री किती रहिवाशांमागे किती माणसं जागी असतात, हा प्रश्न आकड्यातच विचारा. 'आमच्याकडे चोवीस तास सेवा आहे' हे त्याचं उत्तर नव्हे. मदतनीस किती दिवस टिकतात हेही विचारा. सारखे चेहरे बदलणाऱ्या ठिकाणी कुणालाच कुणाची सवय होत नाही.

पायरी ५ : करारनामा

घरी आणून, सावकाश वाचा. विकत, आजीवन वापराचा हक्क की भाडं? माणूस गेला किंवा सहा महिन्यांत सोडून गेला तर अनामत रकमेतलं किती, कधी आणि कुणाला परत? दरवाढीला काही मर्यादा? रुग्णालयात महिनाभर असताना पूर्ण आकार लागतो का? मूळ रकमेत कोणत्या सेवा, वेगळ्या कोणत्या?

आणि सगळ्यात बोचरं कलम : 'आता तुम्हाला जास्त शुश्रूषा लागते, इथे राहता येणार नाही' हे कोण ठरवतं, किती दिवसांची सूचना देऊन? हे कलम सापडलं नाही तर सही करू नका. कायदे सगळीकडे वेगळे असतात, तेव्हा स्थानिक वकिलाला एकदा दाखवून घ्या.

हिशेब करताना नुसतं महिन्याचं शुल्क जुन्या घराच्या भाड्याशी ताडून बघू नका. जुन्या घराची वीज, दुरुस्ती, कर, मदतनीस, येणं-जाणं, जेवण हे सगळं एका बाजूला लिहा. आणि जुनं घर लगेच विकू नका. आधी दोन-चार आठवडे तात्पुरता मुक्काम करून बघा, अनेक ठिकाणी तशी सोय असते. मग सहाएक महिने नव्या जागी राहून झाल्यावर ठरवा. परतीची वाट आहे हे माहीत असलेला माणूस लवकर रुळतो.

पायरी ६ : निवड ज्याची त्यानं करायची

ही पायरी शेवटी लिहिली असली तरी पहिल्या दिवसापासून चालू असायला हवी. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. एका शुश्रूषागृहाच्या एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं, तुमचे निर्णय तुम्ही घ्या, आणि प्रत्येकाला एक रोपटं निवडून सांभाळायला दिलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, पण सांगितलं की परिचारिका पाणी घालतील. तीन आठवड्यांनी पहिला मजला जास्त तरतरीत, जास्त आनंदी आढळला.

म्हणून दोन-तीन ठिकाणं तुम्ही गाळून घ्या, पण त्यांतलं एक त्यांना निवडू द्या. तुम्हाला आवडलेलं त्यांनी नाकारलं तर कारण विचारा, समजूत काढू नका. आत्यानं आमचं लाडकं ठिकाण एका वाक्यात मोडीत काढलं : "खिडकीतून भिंत दिसते." बरोबर होतं तिचं. दिवसाचे दहा तास ती खिडकी तीच बघणार होती. स्मृतिभ्रंश असेल तरी सुरुवातीच्या काळात विचारता येतं; नंतर निदान पडदे, पलंगाची जागा, भिंतीवरचे फोटो हे तरी त्यांच्या मनासारखं.

सामान हलवताना आधी पलंग, खुर्ची, दिवा आणि घड्याळ लावा, जुन्या खोलीत होते त्याच क्रमानं. रात्री उठल्यावर हात सवयीनं जिकडे जातो तिकडे दिवा सापडला पाहिजे. कागदपत्रं, औषधांची यादी आणि डॉक्टरांचे फोन एका पाकिटात, पाकीट दाराजवळ. पहिले काही आठवडे झोप कमी होते, भूक मंदावते, चिडचिड होते. त्या दिवसांत तुम्ही रोज तासन्‌तास जाऊन बसलात तर शेजाऱ्यांशी ओळख होत नाही. अजिबात गेला नाहीत तर टाकून दिल्यासारखं वाटतं. ठरावीक वार सांगा आणि तो चुकवू नका.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा तीच वही काढा, पुढे दर सहा महिन्यांनी. आत्या ८२ व्या वर्षी नव्या जागी राहायला गेली ती 'रात्री २' या एका नोंदीमुळे. तोवर तिला रात्री दोन-तीनदा उठावं लागत होतं आणि त्या वेळी तोल सांभाळता येत नव्हता. नव्या जागी त्या नोंदीसमोर मदतनिसाचं नाव आलं. आणि 'कपडे धुणं', जे जुन्या घरात जिना उतरावा लागायचा म्हणून दुसऱ्याकडे गेलं होतं, त्यासमोर तिनं स्वतःच्या अक्षरात 'स्वतः' लिहिलं, कारण धुलाईयंत्र तिच्याच मजल्यावर, खोलीपासून वीस पावलांवर होतं. कार्यालयात जाऊन आम्ही तेवढी सेवा बिलातून कमी करून घेतली.